कॅप्टन मार्तंडचं रक्षाविसर्जन

२२ जुलै २००७

आज कृष्णात आला होता. संयोगिताचा धाकटा भाऊ. त्याचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे आणि तो गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष आहे. दुसऱ्या गोष्टीच्या जिवावर पहिली बंद पडत चालली आहे.

"दाजी, औंदा देखाव्याची ष्टोरी तुमी लिवायची."

मी म्हणालो, मी कॉलेजात मराठी शिकवतो, ष्टोऱ्या लिहीत नाही.

"पुस्तक काढलंसा की."

काढलं. पाच वर्षं झाली. कृष्णातनं ते वाचलेलं नाही हे ठीक आहे. ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांनीही वाचलेलं नाही.

मंडळाचा देखावा 'शनिस्वारी'. थर्मोकोलचा शनी, पत्र्याचं यान, चंदेरी कपड्यांतली माणसं. आवाज आधी स्टुडिओत भरून आणतात. मंडपात तो लावायचा आणि नटांनी त्यावर ओठ आणि हातपाय हलवायचे. पाव तासाचा खेळ, संध्याकाळभर पुन्हा पुन्हा तोच. आकाराम नावाच्या एका फौंड्रीतल्या माणसानं हे एकोणनव्वद साली सुरू केलं आणि दरवर्षी पुढचा भाग लिहिला. तो वारला तेव्हा देखावा थांबला. गेल्या वर्षी या लोकांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा मांडलं. नवं यान, नवे दिवे, आणि कॅप्टन मार्तंडच्या जागी जिममध्ये व्यायाम शिकवणारा मल्लेश. लोकांनी त्याला पहिल्याच संध्याकाळी नाकारलं. रांगेतून ओरडत होते, "कप्तान कुठाय?"

यंदा दुसरा भाग. यात जुना कॅप्टन, म्हणजे धान्याचे व्यापारी चनबसाप्पा, परत येणार आणि नव्याला भेटणार. एवढं मंडळानं ठरवून टाकलं आहे. पुढचं मी ठरवायचं.

एकच अट घातली. लिहिलेला एकही शब्द बदलायचा नाही. कृष्णातनं गणपतीची शपथ घेतली.

संयोगिता आतून म्हणाली, "लिहा की. कुणीतरी ऐकेल तरी."

५ ऑगस्ट

आकारामचे जुने भाग कृष्णातच्या दुकानात बसून ऐकले. कचरा आहे. दरवर्षी कॅप्टन मार्तंड शनीवर जातो. उतरण्याआधी यानाच्या दारात उभा राहून शनीला तेल वाहतो. हो, तेल. मग राक्षस येतो. कॅप्टन त्याला उचलून आपटतो. शेवटी हात वर करून "परत येणार!" म्हणतो. लोकांना हे पाठ आहे. कोडोली, गडमुडशिंगी अशा गावांतून टेंपो भरून येतात आणि नटाबरोबर ओरडतात. पोथीतले अध्याय सांगावेत तशी सालं सांगतात. ब्याण्णवचा भाग, चौऱ्याण्णवचा भाग. पुढं काय होणार ते आधीच माहीत असणं, यालाच हे लोक गोष्ट म्हणतात.

मी तेल काढलं. राक्षस काढला. शनीच्या कड्यात यान अडकलं आहे, माणसं दोन आहेत आणि ऑक्सिजन एकापुरता. जुना थांबतो, नवा जातो. जुना म्हणतो:

"शनीवरचा दिवस लहान असतो. माझा संपला. तुझा आहे. नीघ."

मग निवेदक: "कॅप्टन मार्तंड खाली बसला. मग आडवा झाला. मग नव्हता."

यापुढं काही लिहिता येत नाही. पुस्तकानंतर मी लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य आहे. ते चुरमुऱ्यांच्या गाड्या आणि पिपाण्यांच्या मध्ये वाजणार. पण वाजणार.

१९ ऑगस्ट

स्टुडिओ. निवेदनासाठी कृष्णातनं लग्नसमारंभांत माइक धरणारा एक गृहस्थ आणला होता. त्यानं 'मग नव्हता' असं म्हटलं, की मुलगी सासरी निघाली आहे असं वाटायचं. त्याला बाजूला केलं आणि मीच वाचलं.

"सर, जरा भाव घाला की," स्टुडिओवाला काचेपलीकडून म्हणाला.

भाव नको आहे, असं मी सांगितलं. त्यानं कृष्णातकडं बघितलं. कृष्णातनं मान हलवली. शपथ.

चनबसाप्पांनी आपली वाक्यं स्वतःच म्हटली. पंचावन्नच्या पुढचा जाडजूड माणूस, कपाळावर विभूती. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, ह्यो मरतोय व्हय?"

"हो."

"बरं."

चपला घालून दारापर्यंत गेले आणि वळून पुन्हा म्हणाले, "बरं."

सीडी तयार झाली. आता ती कुणालाच बदलता येणार नाही.

९ सप्टेंबर

तालीम. चनबसाप्पांना मरता येत नाही. गुडघे दुखतात म्हणून बसताना आधी एक हात टेकतात, मग दुसरा, मग गोणी ठेवावी तसं अंग ठेवतात. उठताना मल्लेशचा खांदा लागतो. मी सांगितलं, आडवं होणं एका रेषेत व्हायला हवं आणि तोंड आभाळाकडं. नाहीच जमलं तेव्हा ताडपत्रीवर स्वतः आडवा होऊन दाखवलं.

"सर, तुमीच करा की," मल्लेश म्हणाला. "लई भारी मरताय."

पोरं हसली. चनबसाप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते आणि तसंच करून बघत होते. चौथ्या-पाचव्या वेळी जमलं. त्यांना घाम आला होता.

१८ सप्टेंबर

पहिला खेळ. गौरी बसायच्या आधीच पडदा उघडला, तरी गर्दी कोपऱ्यावरच्या कुस्तीच्या तालमीपर्यंत गेली होती. जुना कप्तान दिसताच शिट्ट्या आणि टोप्या उडाल्या. मला वाटलं, आता काही ऐकूच येणार नाही. मग शेवट आला. माझा आवाज मंडपाबाहेरच्या स्पीकरवर मला ओळखू आला नाही.

"मग नव्हता." दिवे गेले.

टाळी नाही. शिट्टी नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात धरली होती. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला होता. धूर सोडायचं यंत्र फार जवळ ठेवलं आहे. एका बाईनं कडेवरच्या पोराचं तोंड आपल्या खांद्याकडं वळवलं. कृष्णातनं माइकवरून "पुढं सरका, पुढं सरका" म्हटल्यावर माणसं हलली, तीही न बोलता.

यांना काहीही समजलं नाही. एवढी मोठी शांतता आणि तिच्यात काही नाही.

मी शेवटच्या खेळापर्यंत थांबलो. आवाजाची पातळी तपासायची होती.

१९ सप्टेंबर

आज त्यांना वाचा फुटली. मंडपाच्या मागं चहा घेत होतो तेव्हा दहा-पंधराजण आले. पुढं पिराजी म्हणून एक, गडमुडशिंगीचा, दुधाचा टेंपो चालवतो. पहिल्या भागापासूनचा एकही भाग चुकवला नाही असं त्यानं मला पदवी सांगावी तसं सांगितलं.

"ष्टोरी लिवनारं तुमीच का?"

"हो."

"कप्तानाला कशाला मारलासा?"

"माणूस मरतो."

"मानूस मरतोय की. कप्तान कशाला मरंल?"

मागून एकजण ओरडला, "चौऱ्यान्नवला यान फुटलं तवा न्हाय मेला!"

"मल्लेशला तरी मारायचं," दुसरा म्हणाला. "त्यो मेला आस्ता तर नारळ फोडलं आस्तं आमी."

पिराजीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्याच्या चेहऱ्यावर शोध लागल्याचा भाव होता.

"तेल न्हाय वाहिलं," तो म्हणाला. "आरं, शनीच्या दारात गेला आनि तेल न्हाय वाहिलं! मरनारच की."

सगळ्यांना पटलं. एवढा वेळ चिडलेली माणसं एकदम समजूतदार झाली. मी सांगितलं, ऑक्सिजन संपला म्हणून तो मेला.

"व्हय," पिराजी शांतपणे म्हणाला, "पन ऑक्सिजन संपला कशानं?"

मी चहा ठेवून निघून आलो. ज्याला कारण पुरत नाही त्याला कारणाचं कारण लागतं, आणि ते नेहमी तेलच असतं.

२० सप्टेंबर

थर्मोकोलच्या शनीपुढं तेलाच्या बाटल्या. खोबरेल, शेंगतेल, एकानं इंजिन ऑइल आणलं. कृष्णात गर्दीवर ओरडत होता, "वायरी हायत रं खाली! सगळीच शनीकडं जाशीला!" तरी लोक ओतत होते. खेळ सुरू होण्याआधी, म्हणजे कॅप्टनच्या वतीनं, आधीच. म्हणजे तो वाचावा.

सीडीवर तो वाचणं शक्य नाही हे यांना कोण सांगणार. दर खेळाला तो मेला. दर खेळाला ते पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.

मीही तिथंच होतो. आवाज ठीक होता.

२१ सप्टेंबर

स्टँडवरून येताना फलक पाहिला. दोन माणसं उंच. त्यावर चंदेरी कपड्यांतले चनबसाप्पा, शिरस्त्राण काखेत, कपाळावर विभूती, मागं शनी. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'कै. कॅप्टन मार्तंड. रक्षाविसर्जन शनिवारी सकाळी, मंडपासमोर. शोकाकुल: गडमुडशिंगी मित्रपरिवार'. कोपऱ्यात शोकाकुलांचे फोटो, गॉगल लावलेले.

शनिवार मुद्दाम निवडला आहे असं कृष्णात म्हणाला. त्याला फलक आवडला होता.

"दाजी, तुमी जल्मात आसला बोर्ड बघितलासा काय? ष्टोरीला लागलाय!"

मी त्याला सांगितलं की मी मरण लिहिलं आणि त्यांनी त्याची जत्रा केली. तो म्हणाला, "मग काय करायचं दाजी, मेलेल्याचं?"

हा प्रश्न नाही. बोलण्याची पद्धत आहे.

२२ सप्टेंबर

सकाळी जायचं नव्हतं. गेलो.

मंडपासमोर रस्त्यावर चटई. पिराजीनं डोकं भादरलेलं. पानावर भात, वडे, वर गुळाचा खडा, शेजारी पाण्याचा तांब्या. चाळीसेक माणसं हात बांधून उभी, सगळी वर बघत होती. कावळा शिवायची वाट. कावळे समोरच्या तारेवर बसले होते आणि खाली येत नव्हते.

"कायतरी इच्छा ऱ्हायली आसंल," एकजण कुजबुजला.

"तेल," दुसरा म्हणाला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून हंबरडा ऐकू आला. सत्तरीची एक बाई, उंच, हिरवं इरकल नेसलेली, हातात कापडी पिशवी, रस्त्याच्या मधोमध चालत आली. मागून रिक्षावाला पैसे मागत येत होता.

"अय्यो शिवने! तम्मा! जाळलासा व्हय रं माझ्या तम्माला? कुनाला इच्यारून जाळलासा?"

ही गंगव्वा, चनबसाप्पांची थोरली बहीण. घर लिंगायत, बोली कानडी; तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. शिरोळकडच्या गावातून गणपतीला म्हणून आली होती. स्टँडवर उतरताच तिनं भावाचा फोटो पाहिला. वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या माणसाकडून वाचून घेतलं. कॅप्टन कोण, मार्तंड कोण, हे तिनं ऐकलंच नाही. तिनं ऐकलं ते रक्षाविसर्जन.

पिराजी पुढं झाला. "आक्का, ऐका की जरा, त्यो कप्तान..."

"मुडद्या, आमच्यात जाळत्यात व्हय रं? मातीत ठेवत्यात आमच्यात! माझा भाऊ गेला, बातमी न्हाय, जंगम न्हाय, आनि जाळून मोकळं झालासा?" तिनं पिशवी त्याच्या भादरलेल्या डोक्यात घातली. "आनि तू कोन? तू कशाला केस काढलास? तू ल्योक हैस त्येचा?"

पिराजीला रडू आलं. तो खरोखर मुलासारखा रडायला लागला.

पडद्यामागून चनबसाप्पा आले. चंदेरी पँट, वर बनियन, हातात चहाची बशी. सकाळी दिव्यांची तपासणी होती.

गंगव्वा थांबली. तिनं आधी त्यांच्या तोंडात मारली. बशी पडली. मग त्यांचं तोंड दोन्ही हातांनी धरून चाचपलं, नाक, कान, कपाळ, आंधळ्या माणसासारखं. मग रस्त्यातच बसली.

चाळीस माणसं टाळ्या वाजवू लागली. बायका बाहेर आल्या. कुणीतरी पानाकडं बोट दाखवलं. भात तसाच होता.

"शिवंल कसा?" पिराजी नाक पुसत म्हणाला. "कप्तान जित्ता हाय!"

यांच्याशी वाद घालता येत नाही. कावळासुद्धा यांच्या बाजूचा आहे.

२३ सप्टेंबर

कृष्णात, चनबसाप्पा आणि गंगव्वा दुपारी घरी आले. संयोगितानं गंगव्वाला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली.

काल संध्याकाळी तिनं पहिल्या रांगेतून खेळ पाहिला होता. पहिल्या खेळाला भाऊ आडवा झाला तेव्हा ती उठून गेली. लोकांनी तिला परत आणून बसवलं. दुसऱ्या खेळाला पुन्हा तेच. तिसऱ्याला थांबली नाही.

"तूच का त्यो मारनारा?" तिनं मला विचारलं.

"बाई, ते नाटक आहे."

"म्हाईत हाय. येडी समजू नगंस मला. म्या रोज बघू?"

"बघू नका."

"मी न्हाय बघितलं की मरायचं थांबतोय व्हय त्यो?"

चनबसाप्पा भिंतीकडं बघत होते. ती म्हणाली, "आनि आडवा कशाला पाडलास? आमच्यात मेलेल्यालासुदिक आडवं करत न्हाईत. बसवत्यात. मांडी घालून, हातात लिंग देऊन बसवून पुरत्यात. आमच्या आप्पाला बसवलं. ह्येला पन बसवतील, टाइम आल्यावर. तू येळ न्हाय वकत न्हाय, दिसाला सात येळा आडवा करतोस."

मी म्हणालो, कॅप्टन मार्तंड तुमच्यातला नाही. त्याला जात नाही. त्याला घर नाही, बहीण नाही. तसाच लिहिला आहे तो.

तिनं संयोगिताकडं वळून विचारलं, "पोरंबाळं हायत व्हय ग ह्येला?"

संयोगिता म्हणाली, नाहीत.

कृष्णात मध्ये पडला. "दाजी, उद्या शेवटचा दिस. स्पर्धेचं परीक्षक उद्याच येनार. एकच खेळ जरा..."

मी त्याला शपथेची आठवण दिली. मी थोडा मोठ्यानं बोललो असेन. म्हणालो, हा शेवट काढलात तर राहतं काय, पत्रा आणि थर्मोकोल. ते परीक्षक म्हणजे निवृत्त प्राध्यापक, समीक्षक. माझ्या पुस्तकावर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. उद्या ते तीन वाक्यं ऐकणार आहेत. चार नाही, अडीच नाही.

कृष्णात म्हणाला, "शब्द न्हाय बदलनार. शपथ हाय."

"शब्द तुझं ऱ्हाऊ देत तुला," गंगव्वा उठत म्हणाली. तिनं चनबसाप्पांचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "भाऊ माझा हाय. तम्मा, माझ्या म्होरं आडवं व्हायचं न्हाय."

जाताना मी चनबसाप्पांना दारात गाठलं आणि सांगितलं, लिहिलंय तसंच व्हायला पाहिजे.

"बरं," ते म्हणाले.

या 'बरं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही. बहुधा त्याला अर्थच नसावा.

२४ सप्टेंबर

परीक्षक आठच्या खेळाला आले. खादीचा झब्बा, काठी. त्यांना पहिल्या रांगेत गंगव्वाच्या शेजारची खुर्ची दिली. मी मागं खांबापाशी होतो.

"नीघ" झालं. मल्लेश यानात गेला. दिवे निळे झाले. माझा आवाज आला.

"कॅप्टन मार्तंड खाली बसला."

चनबसाप्पा उभे होते. मला वाटलं, विसरले.

"मग आडवा झाला."

ते उभेच. हात अंगाशी, हनुवटी वर. ते समोर बहिणीकडं बघत होते. हात वर केला नाही, ओठ हलवले नाहीत. ओरडायची एवढी सवय असलेली माणसं, पण कुणी ओरडलं नाही. पुढच्या रांगेतले उठून उभे राहिले, म्हणून मागच्यांना दिसेना, तरी मागून कुणी "बसा खाली" म्हटलं नाही.

"मग नव्हता."

दिवे गेले. अंधारात गंगव्वाची बांगडी वाजली.

दिवे आले तेव्हा मी कृष्णातला शोधत होतो. अडाणी, विश्वासघातकी लोक. एक साधी गोष्ट सांगितली होती, आडवं व्हा. तेवढ्यात परीक्षकांनी गर्दीतून येऊन माझा हात धरला. त्यांचा हात ओला होता.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"शब्द त्याला पाडतायत आणि तो पडत नाही. भाषा हरते इथं. अहो, गणपतीच्या मंडपात! हे सुचलं कसं?"

चनबसाप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, शिरस्त्राण काढत. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"लिहितानाच होतं," मी म्हणालो.

परीक्षक त्यांच्याकडं वळले. "पावणं, उभं राहणं अवघड गेलं का?"

"न्हाय," चनबसाप्पा म्हणाले. "सरांनी दावलंतं तसं केलं."

यात खोटं काय आहे? शब्द माझे होते. ते नसते तर तो नुसता उभा असलेला एक व्यापारी होता. माणसं सगळीकडं उभी असतात. बसस्टॉपवर असतात.

२६ सप्टेंबर

काल विसर्जन. आज निकाल. देखाव्याला दुसरा नंबर, लेखनाला पहिला. परीक्षकांच्या भाषणात माझ्या पुस्तकाचा उल्लेख होता. म्हणजे त्यांनी ते मिळवून वाचलं, किंवा निदान मिळवलं.

हार घेऊन पिराजी आला. डोक्यावर टोपी. "सर, शेवट नाद खुळा. कप्तान उभ्यानं गेला. पन तेल वाहायलाच पायजे हुतं."

संध्याकाळी संयोगिता कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "उभं राहायला तुम्ही सांगितलं होतं?"

"हो."

"आदल्या दिवशी तर ओरडत होतात."

मी म्हणालो, लेखन ही न संपणारी प्रक्रिया असते. तिनं माझा सदरा उचलला, झटकला, घडी घातली. तिच्याशी साहित्यावर बोलणं मी फार पूर्वीच सोडलं आहे.

२८ ऑक्टोबर

गंगव्वानं जेवायला बोलावलं होतं. टाळत होतो. कृष्णात म्हणाला, मान असतो, नाही म्हणायचं नसतं. त्यानं जीप काढली. मी, संयोगिता, चनबसाप्पा. शिरोळच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये रस्ता. दीड तासाचा प्रवास.

अंगणात पंगत मांडली होती. भावकी, शेजारी, शाळेचे मास्तर. पिराजी गडमुडशिंगीहून मोटारसायकलवर आला होता, कुणी बोलावलं देव जाणे. केस बोटभर वाढले आहेत. गंगव्वानं त्याला आपल्या हातानं वाढलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

मला पाटावर बसवलं. टॉवेल, टोपी, नारळ. टोपी लहान होती. गंगव्वा पंगतीला म्हणाली, "ह्यो बगा. माझ्या तम्माला उभा ठेवनारा ह्योच. लिवून दिलं ह्येनं."

चनबसाप्पा पानात मीठ वाढून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी तिला असंच सांगितलं आहे तर. मी काही सांगितलेलं नाही. मी फक्त नाकारलं नाही. अशा लोकांना समजावत बसण्यात अर्थ नसतो, त्यांना जे हवं ते ऐकतात.

होळगी, म्हणजे त्यांच्याकडची पुरणपोळी, चांगली होती, तूप सढळ. दुसरी वाढत होते तेव्हा मास्तर म्हणाले, "सर, त्ये शेवटचं म्हना की. आमी कोल्हापूरला आलो नव्हतो."

मी म्हणालो, जेवताना नको.

"म्हना की ओ," चारी बाजूंनी आलं. पिराजी म्हणाला, "मी म्हनू का? पाठ हाय." तो म्हणाला असता, आणि 'नव्हता'वर रडला असता. म्हणून मी म्हणालो.

स्पीकर नव्हता. भाव घातला नाही. शनीवरचा दिवस लहान असतो, तिथपासून सुरुवात केली. मला माझा आवाज पहिल्यांदा ओळखीचा वाटला.

"कॅप्टन मार्तंड खाली बसला," मी म्हणालो.

आणि पंगत उठली. कुणी कुणाला सांगितलं नाही. आधी पिराजी, मग मास्तर, मग सगळे, भरल्या पानावरून, उष्टे हात अंगापासून लांब धरून. वाढणाऱ्या बायका होत्या तिथं थांबल्या. चनबसाप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले. गंगव्वा एका पोरीच्या खांद्याला धरून उठली. संयोगिताही उठली, ती माझ्यासमोरच्या ओळीत होती, आणि माझ्याकडं बघत नव्हती.

मी पुढची दोन वाक्यं म्हणालो. मग काय करायचं ते मला कळेना. मांडी घातलेली होती, मांडीवर नारळ होता. सगळ्या अंगणात बसलेला मी एकटाच होतो.